लेकीच्या नावाची ओळ: ट्रस्ट डीड करताना आमचं काय चुकलं आणि काय सुधारलं

माझी धाकटी लेक 31 वर्षांची आहे. जन्मापासून बौद्धिक दिव्यांगत्व. घड्याळ तिला कळत नाही, पण ह्यांना घरी यायला उशीर झाला की दाराशी जाऊन चपलांचे जोड मोजते. पैसा म्हणजे तिच्या लेखी नाणी. पाचशेची नोट हातात दिली तर तिची होडी करते. आमच्यामागे तिच्या वाटचा पैसा कोणीतरी तिच्यासाठीच खर्च करावा, एवढीच आमची गरज होती. म्हणून ट्रस्ट केला, कागदोपत्री भाषेत न्यास: पैसा विश्वस्त म्हणून नेमलेल्या माणसांच्या नावे ठेवायचा आणि त्यांनी तो लाभार्थीसाठी, म्हणजे इथे लेकीसाठी, वापरायचा. हे सगळं ज्या दस्तात लिहितात ते ट्रस्ट डीड. माझी सगळी नोकरी हिशेब खात्यात गेली, कागदांची मला भीती नाही, तरी या एका दस्ताला सात महिने लागले आणि त्यातले चार लाभार्थीच्या एका परिच्छेदावर गेले. दुसऱ्या कोणाचे ते चार महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय. वकील लागतोच. त्याच्याकडे जाताना काय ठरवून जायचं आणि मसुदा हातात आला की कुठे बोट ठेवायचं, एवढंच मी सांगते.

ट्रस्ट हवाच आहे का?

मुलं सज्ञान, धडधाकट आणि एकमेकांशी बोलणारी असतील तर साधं मृत्युपत्र पुरतं. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही, मन बदललं तर नवं करता येतं. ट्रस्टचा खटाटोप करायचा तो ज्याच्या भल्यासाठी पैसा ठेवायचाय त्याच्या हातात तो ठेवणं शहाणपणाचं नसेल तेव्हा. आमच्यासारखं मूल, व्यसनात अडकलेला भाऊ, अगदी लहान नातवंडं, ही त्याची कारणं.

विषय काढला की नातेवाईक विचारत, "नॉमिनी लावलाय ना सगळीकडे?" लावलाय. पण नॉमिनी सहसा पैसे ताब्यात घेणारा असतो, मालक नसतो; मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. शेअरच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. आणि लेकीलाच नॉमिनी केलं तर? पैसे तिच्या खात्यात येतील, आणि ज्याच्या हाती तिचा अंगठा त्याच्या हाती खातं.

दुसरा गोंधळ पालकत्वाचा. मूल 18 वर्षांचं झालं की आईबापसुद्धा आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व यांसाठी 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. नावात ट्रस्ट आहे म्हणून पुष्कळांना वाटतं की पैशाचंही तिथेच भागलं. तसं नाही. पालक माणसाचं बघतो, विश्वस्त पैशाचं. आम्ही ही दोन माणसं मुद्दाम वेगळी ठेवायचं ठरवलं: खर्च करणारा एक, पैसे देणारा दुसरा, म्हणजे निदान एकाचं बिल दुसरा बघेल.

पहिला मसुदा, जो आम्ही फाडला

सुरुवातीला पैसे वाचवायला एका टायपिंगवाल्याकडून तयार नमुना घेतला. अकरा पानं. सहाव्या पानावर वाक्य होतं, "सदर न्यासाचा लाभ जात, धर्म, पंथ न पाहता सर्वांना खुला राहील." ह्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे आपल्या पोरीच्या औषधांच्या पैशावर अख्खं गाव." त्याने शाळा काढणाऱ्या कुठल्यातरी संस्थेचा दस्त उचलून फक्त नावं बदलली होती.

हा फरक आधी समजून घ्या. ठरावीक माणसांसाठी केलेला तो खासगी ट्रस्ट. त्याला भारतीय न्यास अधिनियम, 1882 लागू होतो. लोकांसाठी, धर्मादाय कामासाठी केलेला तो सार्वजनिक. महाराष्ट्रात त्याला 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागतो आणि नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. घरच्या ट्रस्टसाठी धर्मादाय कार्यालयाची पायरी चढावी लागत नाही. तुमच्या मसुद्यात "सर्वसाधारण जनता" असे शब्द दिसले तर तो मसुदा दुसऱ्याच कोणाचा आहे.

खासगी ट्रस्ट उभा राहायला काय लागतं ते 1882 च्या कायद्याचं कलम 6 सांगतं: ट्रस्ट करण्याचा इरादा, त्याचा हेतू, लाभार्थी आणि मालमत्ता, या चारही गोष्टी पुरेशा स्पष्ट हव्यात, आणि मालमत्ता विश्वस्तांच्या नावे प्रत्यक्ष जायला हवी. ट्रस्ट मृत्युपत्राने केला किंवा करणारा स्वतःच विश्वस्त असला तर या शेवटच्या अटीतून सूट आहे. आम्ही नेमके तिथेच अडखळलो. दस्त झाला, पेढे वाटले, आणि मुदतठेवी राहिल्या माझ्याच नावावर. पुढच्या वर्षी विवरणपत्र भरताना सीएने विचारलं, "ट्रस्टचं खातं कुठाय?" खातं होतं, आत सुरुवातीची नाममात्र रक्कम. मुदतठेवीच्या पावतीवर नुसतं नाव बदलून मिळत नाही. ती मोडायची, पैसे चेकने ट्रस्टच्या खात्यात टाकायचे आणि ट्रस्टच्या नावे नवी करायची. ते मोडल्याचं व्याज बुडालं ते बुडालं.

घराचं आम्ही वेगळं केलं. स्थावर मालमत्ता हयातीत ट्रस्टला द्यायची तर लेखी, सही केलेला आणि नोंदणीकृत दस्त लागतो आणि त्यावरचं मुद्रांक शुल्क लहान नसतं. आम्ही दोघांनी मृत्युपत्रात लिहिलं की राहतं घर या ट्रस्टच्या विश्वस्तांना द्यावं. ट्रस्टच्या दस्तातही "पुढे कोणीही, मृत्युपत्राने किंवा अन्यथा, या निधीत भर घालू शकेल" अशी ओळ आहे. ही ओळ विसरू नका, छोटी आहे पण पुढची सगळी भर तिच्यातूनच आत येते. घर स्वकष्टार्जित असेल तरच हे इतकं सोपं. वडिलोपार्जित असेल तर कोणाचा किती हिस्सा ते आधी वकिलाकडून तपासून घ्या.

लाभार्थीचा परिच्छेद

आता मुख्य काम. वकीलबाईंनी मला सांगितलं, "हा परिच्छेद वाचणारा माणूस तुम्हाला कधी भेटलेला नसेल आणि तुम्ही विचारायला नसाल, असं धरून लिहा." मी रोज रात्री तेवढाच परिच्छेद वाचायचे आणि दर वेळी एक भोक सापडायचं.

पहिलं भोक नावाचं. लेकीचं नाव जन्मदाखल्यावर एक, आधारवर वडिलांच्या नावाच्या अद्याक्षरासकट दुसरं, आणि विशेष शाळेच्या दाखल्यावर चक्क घरचं लाडाचं नाव. दस्तात तिन्ही "उर्फ" लावून लिहिली. सोबत जन्मतारीख, आईवडिलांची नावं आणि दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राचा क्रमांक. जमलं तर कागदच आधी एकसारखे करून घ्या. आधार दुरुस्तीला तुम्ही आज जाऊ शकता, तुमच्या मागे विश्वस्तांना त्यासाठी दहा पुरावे मागतील.

दुसरं भोक मोघम शब्दांचं. "माझी मुलं", "कुटुंबीय", "जवळचे नातेवाईक" हे बोलण्यात ठीक, दस्तात घातक. कुटुंबात सून धरायची का? दत्तक मूल? घटस्फोट झालेली वहिनी? एकापेक्षा जास्त लाभार्थी असतील तर प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहा, आणि एखादा आधी गेला तर त्याचा वाटा उरलेल्यांत जाईल की त्याच्या मुलांना, तेही. हे नुसतं भांडण टाळण्यासाठी नाही. कोणाला किती हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडलं तर अशा ट्रस्टच्या उत्पन्नावर सहसा सर्वांत वरच्या दराने प्राप्तिकर लागतो. वाटे ठरलेले असतील तर लाभार्थीच्या दराने. अपवाद आहेत, म्हणून मसुदा सही करण्याआधी सीएला दाखवा. आमच्या सीएने "न वापरलेलं उत्पन्न विश्वस्तांनी योग्य वाटेल तसे वळते करावे" या एका वाक्याखाली लाल रेघ मारली होती.

तिसरं भोक एका प्रत्ययाचं. मसुद्यात होतं, "उत्पन्न लाभार्थीला द्यावे." आम्हाला हवं होतं "लाभार्थीसाठी खर्च करावे." "ला" म्हणजे विश्वस्ताने दरमहा तिच्या हातात पैसे ठेवले की त्याचं काम संपलं. "साठी" म्हणजे औषधवाल्याचं, सांभाळणाऱ्या बाईचं, निवासी संस्थेचं बिल त्याने भरायचं. सुधारल्यावर परिच्छेद असा झाला:

"या न्यासाची लाभार्थी माझी मुलगी कु. अमुक उर्फ तमुक ही तिच्या हयातीत एकमेव लाभार्थी राहील. न्यासाचे उत्पन्न, आणि ते अपुरे पडल्यास मूळ निधी, विश्वस्तांनी तिचे औषधोपचार, निवास, देखभाल, प्रशिक्षण, प्रवास व करमणूक यांसाठी खर्च करावा. खर्चाची रक्कम शक्यतो सेवा देणाऱ्यास थेट द्यावी. लाभार्थीचा हक्क गहाण ठेवता, विकता अथवा अन्य कोणाच्या नावे करता येणार नाही."

"मूळ निधी" हे दोन शब्द मी हट्टाने घातले. ह्यांचं म्हणणं, मुद्दल कोणी हात लावायचं नाही. पण व्याजावर आज जे भागतं ते वीस वर्षांनी भागणार नाही, आणि मुद्दल जपण्यासाठी लेकीचं दातांचं काम लांबवलं तर त्या मुद्दलाचं लोणचं घालायचंय का? "करमणूक" हा शब्दही माझाच. तो नसता तर एखाद्या काटेकोर विश्वस्ताने तिला आकाशपाळण्यात बसवण्याचा खर्च नामंजूर केला असता, आणि आकाशपाळणा हे तिचं वर्षभराचं सुख आहे.

चौथं भोक सगळ्यांत खोल. तिच्यामागे उरलेलं कोणाला? हात सहज गेला मोठ्या मुलाच्या नावाकडे. तोच विश्वस्तही होणार होता. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे बहिणीवर न केलेला प्रत्येक खर्च त्याच्या खिशात?" मी चिडले. माझा मुलगा तसा नाही. घरी येऊन त्याला सांगितलं तर तोही दुखावला, "आई, माझ्यावर विश्वास नाही का?" दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. म्हणाला, "मी नसेन तेव्हा माझ्या जागी कोण असेल ते मलाही माहीत नाही. माझं नाव काढ." मग वाटलं, ती जिथे राहील त्या संस्थेला द्यावं. तिथेही तोच पेच, उलट अधिक टोकदार. शेवटी उरलेली रक्कम दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या एका नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टला लिहिली, नोंदणी क्रमांकासह, आणि "ती संस्था तेव्हा अस्तित्वात नसल्यास तशाच हेतूच्या दुसऱ्या संस्थेला, मात्र लाभार्थी त्या वेळी जिथे राहत असेल त्या संस्थेला नाही." मुलाला जे द्यायचं ते मृत्युपत्रात वेगळं दिलं. त्याला दिलेलं आणि तिच्यासाठी ठेवलेलं एकाच भांड्यात नको.

नातवंडांना, त्यातून अजून न जन्मलेल्यांना, लाभार्थी करायचा मोह असेल तर जपून. मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 प्रमाणे आज हयात असलेल्या माणसांचं आयुष्य आणि त्यापुढे एका अज्ञानाची, म्हणजे सज्ञान न झालेल्या मुलाची, 18 वर्षं, एवढीच मर्यादा. "माझ्या वंशात कायम राहावे" असं लिहिलं तर तो भाग टिकत नाही.

विश्वस्त

आम्ही पहिल्यांदा मी, हे आणि ह्यांचे मित्र असे तिघं लिहिले. तिघांच्या वयाची बेरीज दोनशेच्या वर. लेक 31 ची. हसूच आलं. आता मी, मुलगा आणि माझी भाची आहोत, आणि आमच्यामागे कोण ती पुढची दोन नावं दस्तातच क्रमाने लिहिलीत. ती संपली तर नवा विश्वस्त कोणी नेमायचा, तेही. नाहीतर न्यायालयात अर्ज करावा लागू शकतो. भाचीला मी घरी बोलावून पूर्ण मसुदा वाचायला लावला. नातं म्हणून "हो मावशी" म्हणणं वेगळं आणि दर वर्षी हिशेब लिहिणं वेगळं. कायद्याने कोणावर विश्वस्त होण्याची सक्ती नाही, पण एकदा स्वीकारलं की मनात आलं म्हणून सोडता येत नाही. सोडण्याची वाट हवी असेल तर दस्तात लिहून ठेवा.

इथे दस्त गप्प राहिला की कायदा बोलतो, आणि तो काय बोलतो ते माहीत हवं. सगळ्या विश्वस्तांनी मिळूनच काम करायचं, हा नियम. म्हणून "तिघांपैकी दोघांच्या सहीने" हे लिहावं लागतं. एक परगावी असला की बँकेत काम अडतं. विश्वस्ताला मोबदल्याचा हक्क नाही, हा दुसरा नियम. भाचीने नको म्हटलं तरी आम्ही वर्षाला ठरावीक मानधन आणि प्रवासखर्च लिहिला. फुकटचं काम पहिली दोन वर्षं प्रेमाने होतं.

उरलेलं, भराभर

रद्द करता येणारा की न येणारा, हे ठरवा. रद्द करण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला तर उत्पन्न तुमचंच धरून तुमच्यावर कर लागतो. अधिकार ठेवला नाही तर चूक दुरुस्त करायला वाव फार थोडा. आम्ही न रद्द होणारा केला, आत सुरुवातीला थोडेच पैसे टाकले, आणि बँक बदलणं, हिशेबाची पद्धत बदलणं असल्या कारभारी गोष्टींत विश्वस्तांना दुरुस्तीची मोकळीक दिली. लाभार्थीच्या परिच्छेदाला मात्र हात लावता येणार नाही, असंही लिहिलं.

कर्त्या पुरुषाचा विमा नवा काढायचा असेल तर 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घेता येतो. अर्जासोबतच वेगळा फॉर्म भरून बायको-मुलांची नावं लाभार्थी म्हणून लिहायची. ती पॉलिसी त्यांच्यासाठी ट्रस्ट धरली जाते आणि नवऱ्याच्या सावकारांना सहसा त्यावर हात टाकता येत नाही.

फक्त रोख पैशाच्या ट्रस्टला कायद्याने नोंदणी लागत नाही. तरी करा. आमच्या बँकेने खातं उघडताना नोंदणीकृत प्रतच मागितली. मुद्रांक किती ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या, सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला न्या, आणि जाताना सगळ्या विश्वस्तांचे मूळ ओळखपुरावे न्या; आम्ही भाचीचं पॅन झेरॉक्समध्ये नेलं आणि अख्खा दिवस गेला. लाभार्थीची सही लागत नाही. आमची लेक तरी सोबत आली, अंगठ्याच्या यंत्रावर सगळे बोट ठेवतात हे पाहून तिनेही ठेवलं आणि साहेबांनी हसून तिला खुर्ची दिली. मग ट्रस्टच्या नावे पॅन, मग खातं, मग पैसे. हाच क्रम.

दस्तात न मावणारं

दस्तासोबत आम्ही एक पत्र ठेवलंय. ते कायद्याने बंधनकारक नाही आणि तसं असूही नये, कारण ते सतत बदलतं. दस्त सांगतो पैसा कशावर खर्च करा. पत्र सांगतं ती कोण आहे. फिटच्या गोळ्या किती वाजता, आणि गोळी तिला दिसेल अशी दिली तर थुंकते. दात दाखवायला नेताना दोन माणसं लागतात. दिवा बंद करून झोपत नाही. अनोळखी माणसाने हात धरला तर ओरडते, पण त्याने आधी स्वतःच्या चपला काढून ठेवल्या तर स्वतःहून हात देते. तिचे डॉक्टर, तिची जुनी शिक्षिका, तिच्या पालकत्वासाठी आम्ही कोणाचं नाव सुचवतो, मूळ दस्त कुठल्या कपाटात, हेही त्यातच.

दस्ताची नोंदणीकृत प्रत तिन्ही विश्वस्तांकडे आहे. पत्र दर वर्षी तिच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री मी नव्याने लिहिते आणि जुनं फाडते. यंदा एकच ओळ बदलली: निळी उशी फाटली, आता हिरवी चालते.